उंडीची सावली

बत्ती राहू दे रे चालू. नागावचा रतन माहीत आहे ना तुम्हाला, कटर मशीननं झाडं तोडणारा? आता तो मशीनला हात लावत नाही. का, ते त्यानं मला स्वतः सांगितलं.

मागच्या पौषातली पौर्णिमा. समुद्राकडच्या एका नव्या बंगल्याच्या आवारात जुनी उंडी होती, मोठं डेरेदार झाड. आधी अर्ज करायचा, परवानगी आली की मगच तोडायची आणि बदली रोपं लावायची, असा नियम. मालकाला पोहायच्या तलावाची घाई. त्यानं परवानगीशिवायच रतनकडून उंडी आडवी करून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर, बुंधा मातीनं झाकून रोपं लावायला त्यानं रतनलाच धाडलं.

दिवेलागण होऊन गेली होती. चांदणं लख्ख पडलेलं. रतननं बुंध्यावर माती ओढली आणि कुंपणाच्या कडेनं रोपं लावायला बसला. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या वेणूबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. नुसत्या जमिनीकडे बघत होत्या.

रतननं विचारलं, काय झालं आजी?

"झाड तोडलंस ना तू?"

"तोडलं की."

"मग ही सावली कोनाची?"

रतननं खाली पाहिलं. रोपांवर, त्याच्या हातांवर पानांची सावली हलत होती. त्यानं वर पाहिलं. मोकळं आभाळ.

वारा नव्हता.

सावली हलत होती. खोड... फांद्या... अख्खी उंडी. होती तशी.

मग करकर ऐकू आली. रतनला तो आवाज ठाऊक होता. झाड पडायच्या आधी येतो तो.

सावली कलली. त्याच्या बाजूला.

पाय उचलेनात. ओरडायला तोंड उघडलं...

सावली दाट होत गेली. काळी. जवळ. वरून काहीतरी खाली येत होतं...

वेणूबाईंनी कुंपणातून हात घालून त्याची कॉलर धरली आणि ओढलं.

जमीन हादरली. बंगल्याच्या काचा थरथरल्या.

नंतर... काहीच नाही. समोर नुसतं चांदणं.

सकाळी रतननं साहेबांसमोर स्वतःच्या हातानं माती बाजूला केली आणि बुंधा दाखवला. मालकाला दंड झाला. तलाव राहूनच गेला. उंडीच्या जागी फरशी घातली.

श्रावणात मी त्या आवारात गेलो होतो. पाऊस मुसळधार. सगळी फरशी वाहत होती. मधे मात्र एक मोठं वर्तुळ... कोरडं. मी जाऊन उभा राहिलो.

अंगावर थेंब पडला नाही.