बंद पेटीतला थर्माकोल

वायरमनची बायको दारात उभी राहून बोलू लागली, तेव्हा भाच्याचं मत आधीच तयार होतं. पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थाची मतं नेहमीच तयार असत आणि बहुतेक वेळा चुकीची असत. त्याच्या आत्याचा धंदा खाजगी तपासाचा होता. भाच्याचं काम गाडी चालवायचं आणि मान डोलवायचं.

"माझ्या नवऱ्याला कोठडीत टाकलंय, ताई," बाई म्हणाली. "माणूस मारला म्हणतात त्यांनी. ते फक्त वायरिंग करायला गेले होते हो."

हकीकत अशी. फरशीच्या दुकानाच्या मालकाने, ज्याला सगळे थोरला म्हणत, तलावात फिरायला छोटी होडी तयार केली होती. विजेची मोटर, तिच्यासाठी दोन जड बॅटऱ्या आणि बाकाखाली थर्माकोल ठासलेली पेटी. होडीत पाणी भरलं तरी ती तरंगत राहावी म्हणून हा थर्माकोल. पहिल्या फेरीला थोरल्याचा धाकटा भाऊ एकटा गेला. एका मोठ्या लाँचची लाट आत आली आणि होडी थेट तळाला गेली. धाकट्याला पोहता येत नव्हतं. पोलिसांनी होडी वर काढून पेटीचं झाकण कापलं, तर आत थर्माकोल नव्हताच.

"पेटीतून वायर न्यायला भोक वायरमननेच पाडलं," भाचा म्हणाला. "थर्माकोल आडवा आला, म्हणून काढून फेकला. मग त्याच भोकातून पेटीत पाणी शिरलं. सरळ आहे."

"तुला सगळंच सरळ दिसतं," आत्या म्हणाली. "चष्मा बदल."

कोठडीतला वायरमन भेदरलेला होता, पण तिरसटपणा गेला नव्हता. "भोक मीच पाडलं. पण थर्माकोलला हात लावला नाही, कडेने नळी सरकवली. मी निघालो तेव्हा पेटी काठोकाठ पांढरी होती. झाकण थोरल्याने नंतर लावलं."

"धाकट्याशी भांडलास म्हणे?"

"भांडलो. बॅटऱ्या मागच्या टोकाला नको म्हटलं, मध्ये ठेवा. तो म्हणे, दादाला जिथे हव्यात तिथेच ठेव. मग माझंही तोंड सुटलं."

पोलिसांच्या आवारात हवालदाराने होडी दाखवली. झाकण इतकं घट्ट चिकटलेलं होतं की करवत लावावी लागली होती. आत्याने कापलेलं झाकण उचललं. वरून गुळगुळीत निळा रंग. उलटं केलं, तर खालच्या बाजूला नाण्याएवढा एक गोल, बुजवलेल्या भोकाचा.

"हे तुम्ही पाडलंत?"

"छे! वरून तर दिसतसुद्धा नाही," हवालदार म्हणाला.

पेटीच्या तळाशी मळकट, कडक थर बसला होता. "गाळ," भाच्याने निकाल दिला. आत्याने थर नखाने खरवडला, बोट नाकाशी नेलं आणि भाच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थोरला घरीच होता. धाकट्याची बायको चहा ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. थोरला मात्र दुःखातही स्वतःबद्दलच बोलत होता.

"सुताराने सांगाडा केला आणि त्या चोराने वायरिंग. बाकी सगळं मी! थर्माकोल मी भरला. झाकण मी रेझिनने चिकटवलं. सुकल्यावर निळ्या रंगाचे दोन हातसुद्धा मीच मारले."

"चिकटवताना आत बघितलंत?"

"कशाला? मीच भरलेला होता. तो काढेल हे मला काय ठाऊक!"

"पहिल्या फेरीला तुम्ही नाही गेलात?"

"पाठीत उसण भरली होती."

मागच्या शेडमध्ये रेझिनचा मोठा डबा होता. तळाशी जेमतेम पेलाभर उरलं होतं. "झाकण चिकटवायला एवढं लागलं?" आत्याने विचारलं.

"मी हात आखडत नाही," थोरला म्हणाला. भाच्याला त्याचं फार कौतुक वाटलं. कोपऱ्यात थर्माकोलचा उरलेला तुकडा होता. त्यावर रेझिनचा ब्रश ठेवलेला होता आणि ब्रशाखाली खोल, गुळगुळीत खड्डा पडला होता.

"उंदीर," भाचा म्हणाला.

आत्याने हवालदाराला बोलावून घेतलं. बैठकीत सगळ्यांसमोर तिने वाटीत थर्माकोलचे तुकडे ठेवले आणि उरलेलं रेझिन ओतलं. तुकडे फसफसले, खचले. काही मिनिटांत तळाशी चिकट लगदा उरला.

"थर्माकोल कुणी काढला नाही. रेझिनने खाल्ला," ती म्हणाली. "झाकणाला वाटीभर पुरतं, पण इथे डबा रिकामा. बाकीचं यांनी थर्माकोलवर ओतलं, पक्का बसावा म्हणून. पेटीतला तो थर म्हणजे हाच लगदा, वाळून कडक झालेला. माझ्या भाच्याचे उंदीर आणि गाळ तेवढे सोडून द्या." भाच्याने वाटीत डोकावण्याचं निमित्त केलं.

थोरल्याचा चेहरा उतरला. "मला काय माहीत असणार? चूक झाली. मुद्दाम केलं का मी?"

"तोपर्यंत नाही. तोपर्यंत तुम्ही फक्त मूर्ख होतात, आणि मूर्खपणासाठी कुणी कोठडीत जात नाही. मग झाकण वाजवलंत आणि ते पोकळ वाजलं. भोक पाडून आत बघितलंत, भोक बुजवलंत. बुजवलेल्यावर निळा रंग आहे, आणि दोन्ही हात तुम्हीच मारलेत. म्हणजे पेटी रिकामी आहे हे होडी पाण्यात उतरायच्या आधी तुम्हाला ठाऊक होतं. वायरीच्या भोकातून पाणी आत येणार हेही. म्हणून तुमच्या पाठीत उसण भरली. आणि नंतर एका निरपराध माणसाचं नाव घेतलंत."

"पाहुणे बोलावले होते," थोरला पुटपुटला. "झाकण पुन्हा फोडलं असतं तर सगळे हसले असते. लाट येईल असं कुणाला वाटलं होतं?"

भाच्याला त्याची मनापासून किळस आली. एवढ्याशा हसण्याला भ्यायलेला हा माणूस!

धाकट्याची बायको भिंतीपासून पुढे आली. "भाऊजी," ती म्हणाली, "ते होडीत चढायला घाबरत होते. तुम्ही त्यांचा हात धरून बसवलंत."

तिने त्याच्याकडे पाठ केली.

"त्या वायरमनला आत्ताच्या आत्ता सोडा," ती हवालदाराला म्हणाली. मग आत्याकडे वळली. "काल त्याची बायको पाया पडायला आली होती, ताई. मी तिला फाटकाबाहेर ढकललं. मला तिच्या घरी घेऊन चला."