नारंगी गाडी आणि हरण्यावरचा आळ

"चेंडू नाल्यात गेला म्हंजे औट, आन् ज्यानं मारला त्यानंच आणायचा!" हा नियम प्रीतमने सकाळी स्वतःच घालून दिला होता, आणि पहिल्याच षटकात तो स्वतःच त्या नियमात सापडला.

पिंगळीच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागून पुष्कळ दिवस लोटले होते. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात त्या बुधवारी तिघांचा सामना रंगला होता. प्रीतम बारा वर्षांचा, ईश्वरी तेरा वर्षांची आणि तिची धाकटी बहीण महेश्वरी दहा वर्षांची. खेळाडू तीनच असल्यामुळे क्षेत्ररक्षणाचे काम दोन बाभळी आणि एक निंब यांच्याकडे सोपवलेले होते.

प्रीतम नाल्यात उतरला तो वर येईचना. ईश्वरीने दोनदा हाक मारली. शेवटी त्याचा आवाज आला, तोही अगदी दबका.

"इकडं या. इथं काहीतरी लयच अजब हाय."

दोघी बहिणी धावत गेल्या. नाल्याच्या पलीकडच्या काठावरील दुसऱ्याच एका निंबाची साल कमरेच्या उंचीवर सोलून निघाली होती आणि त्या जखमेवर नारंगी रंग घासला गेला होता. खाली गवतात परातीएवढा एक चकचकीत नारंगी तुकडा पडला होता. तो ना पत्र्याचा होता, ना लाकडाचा. उचलून पाहावा तर पापडासारखा हलका, आणि वाकवू जावे तर तसूभरही वाकत नव्हता.

हा विमानाचा पंख असावा, असे मत प्रीतमने ठामपणे मांडले. त्यावर महेश्वरीने विचारले की, विमान जर निंबाला कमरेच्या उंचीवर धडकले असेल, तर ते काय रस्त्याने चालत आले होते?  तेवढ्यात प्रीतमला गवतात आणखी एक वस्तू सापडली. तो मोबाइल अडकवण्याचा काळा स्टँड होता. त्याच्या बुडाला काचेवर चिकटणारी रबराची वाटी होती.

ईश्वरी मात्र जमिनीकडे पाहत होती. डांबरी रस्त्यावरून निघालेले रुंद चाकांचे दोन माग ओल्या काळ्या मातीतून थेट निंबापर्यंत आले होते. त्यांच्याखेरीज तिथे माणसांच्या बुटांचे आणि कसल्याशा मोठ्या मालवाहू वाहनाचे ठसे होते. म्हणजे इथे मोटार धडकली होती आणि नंतर कोणीतरी ती उचलून नेली होती. पण पिंगळीत नारंगी मोटार कोणाची? आणि गावात या अपघाताची वार्ता कशी नाही?

तिघे असे गोंधळून उभे असतानाच शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या छबूबाईंची, म्हणजे प्रीतमच्या आईची, हाक आली.

"ए ईश्वरे, घरी जा बाई लवकर. मोटारवाले आलेत तुमच्याकडं. तुमच्या हरण्यानं मोटार नाल्यात घातली म्हणायलेत."

ईश्वरीच्या हातातील तुकडा गळून पडला.

हरण्या हा तिच्या आजोबांच्या, बसप्पांच्या, जोडीतील उजवीकडचा लाल कंधारी जातीचा बैल. तो आठ दिवसांचा असताना त्याची आई गेली होती आणि ईश्वरीने बाटलीने दूध पाजून त्याला वाढवले होते. आजही तिने हाक मारली की वैरण सोडून तो मान वर करीत असे. असे जनावर मोटार पाडील, हे तिच्या बुद्धीला पटेना.

घरी ओट्यावर तीन पाहुणे बसले होते. परभणीच्या कापूस जिनिंगचे मालक भगवानराव यांना सगळे ओळखत होते. ती नारंगी मोटार त्यांचीच होती. परदेशातून मागवलेली, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी आणि इंजिन मागच्या बाजूला असलेली. शेजारी पुण्याच्या शोरूमच्या व्यवस्थापक राजेश्रीताई बसल्या होत्या. तिसरे होते सूर्यभान, शोरूमचे तंत्रज्ञ. त्यांच्या उजव्या हाताला पांढरी पट्टी होती. मोटारीच्या ब्रेकची तक्रार होती म्हणून ते परभणीस आले होते, आणि दुरुस्तीनंतर चाचणीसाठी मोटार घेऊन पिंगळीच्या रस्त्याला लागले असता हा प्रकार घडला, असे त्यांचे सांगणे होते. समोरून बैलगाडी आली, बैल बुजून अंगावर धावला, आणि त्याला वाचवताना मोटार नाल्याकडे गेली.

राजेश्रीताईंनी एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. त्यावर तारीख-वेळेसह हीच हकीकत होती. बसप्पांनी खाली सही करावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. भगवानरावांनीही सांगितले की, आपल्याला बसप्पांकडून काही नको, फक्त खरे काय ते कागदावर यावे.

सर्वांत मोठा धक्का पुढेच होता. बसप्पांनी काहीही नाकारले नाही!

"मला आठवतंय," ते मान खाली घालून म्हणाले. "नारंगी गाडी व्हती. असा आवाज की कानठळ्या बसाव्यात. हरण्या बुजला, गाडी कलंडता कलंडता राह्यली. मागं वळून बघायचं सुचलं न्हाई मला. माणसाचा हात मोडला म्हंजे दोष माझ्या बैलाचाच."

हात मोडलेला नाही, नुसता मुरगळला आहे, असे सूर्यभान घाईने म्हणाले. परंतु बसप्पांनी ते जणू ऐकलेच नाही. माणसाच्या जिवावर उठलेले जनावर दावणीला ठेवायचे नाही, असे त्यांनी सांगून टाकले. उद्याच्या बाजारात हरण्या जाईल.

ईश्वरी गोठ्यात गेली. प्रीतम तिच्या पाठोपाठ गेला. दोघांच्याही डोक्यात नुसता गुंता झाला होता. आजोबा खोटे बोलत नाहीत, हे सगळ्या पिंगळीला माहीत होते. मग निंबापाशी, इतक्या ओल्या मातीत, बैलाचा एक खूर किंवा बैलगाडीच्या चाकाची एक रेघही कशी उमटली नाही? बैलगाडी रस्त्यावरच राहिली असेल, असे प्रीतमने सुचवले. तेही खरे असू शकत होते. विचार करावा तितके सगळे अधिकच घोटाळ्याचे होत चालले.

हरण्या शांतपणे कडबा चघळीत उभा होता. आपल्यावर आळ आला आहे, याची त्याला खबर नव्हती.

महेश्वरी आधीच तिथे वही घेऊन बसली होती. सुट्टीत रोजनिशी लिहिण्याचा गृहपाठ होता, वार आणि तारीख दोन्ही घालून. उन्हे कलली काय किंवा बैल विकला काय, गृहपाठ चुकणार नव्हता, म्हणून रडतरडतच ती मागची पाने चाळीत होती.

"मंगळवारचं ऱ्हायलंय माझं," ती नाक ओढीत म्हणाली. "सोमवारचं झालंय. ऐक. 'आज सोमवार, सत्तावीस ऑक्टोबर. आज बैलांना सुट्टी. मला मात्र गृहपाठ.' बाईंना आवडंल का गं?"

ईश्वरी एकदम ताठ उभी राहिली.

"काय म्हणालीस? पुन्यांदा वाच."

महेश्वरीने पुन्हा वाचले. ईश्वरीने तिच्या हातातून वही घेतली आणि प्रीतमला सांगितले, "तो तुकडा आन् ते स्टँड घिऊन ये नाल्यातून. पळत जा."

ओट्यावर बसप्पांनी चष्मा लावला होता. पेन त्यांच्या हातात होते. ईश्वरीने पाहुण्यांना वाकून नमस्कार केला आणि सूर्यभान यांच्याकडे वळून आदबीने विचारले की, बैल मोकळा होता की गाडीला जुंपलेला?

"जुंपलेला होता," सूर्यभान म्हणाले. "आजोबा कासरा धरून बसले होते. उजवीकडचा लाल बैल एकदम उसळला. कागदावर सगळं लिहिलंय, बाळ."

"आन् वार कोणता व्हता, काका?"

"वार कशाला हवाय? तारीख आहे ना. धडक बसली त्या क्षणाची नोंद गाडीच्या संगणकातच आहे."

राजेश्रीताईंनी कागदावर बोट ठेवून वाचले, "सत्तावीस ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं."

ईश्वरीने वही आजोबांच्या मांडीवर ठेवली. "आज्जा, सत्तावीसला सोमवार व्हता."

बसप्पांचे पेन जागच्या जागी थांबले. उभ्या जन्मात त्यांनी दिवस मोजला तो वाराने आणि तिथीने. इंग्रजी तारखेशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. आणि पाहुण्यांना तारखेखेरीज दुसरे काही ठाऊक नव्हते. एकाच कागदावर दोघे दोन निराळ्या दिवसांविषयी बोलत होते!

"सोमवार?" ते सावकाश म्हणाले. "ताई, सोमवारी आमच्या घरी जू उचलत न्हाईत. बसवण्णाचा, म्हंजे नंदीचा, वार हाय तो. माझ्या आज्ज्याच्या आज्ज्यापासून त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर लाकूड पडलेलं न्हाई. धुऊन, हार घालून जागेवर उभे असतात. कुणालाबी इचारा गावात."

"मग तुम्हांला आठवतंय ते काय?" राजेश्रीताई गोंधळून गेल्या.

"ते आदल्या दिवसाचं असंल. आयतवारी मी सोयाबीनचे पोते घिऊन चाललो व्हतो."

भगवानरावांनी एकाएकी कपाळावर हात मारला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आयतवारी मीच चालवायलो होतो," ते म्हणाले. "बैलगाडी दिसली तशी मुद्दाम जोरात दाबली मी, आवाज ऐकवायला. बैल बुजलेले आरशात दिसले मला. थांबलो न्हाई. बसप्पा, ती बेअदबी माझी हाय."

आता सर्वांच्या नजरा सूर्यभान यांच्याकडे लागल्या. बैल कदाचित दुसऱ्या कोणाचा असेल, असे ते पुटपुटले. तेवढ्यात धापा टाकीत प्रीतम आला. त्याने नारंगी तुकडा आणि तो काळा स्टँड ओट्यावर मांडला आणि सांगितले की, निंबापाशी ना खूर आहे, ना बैलगाडीची रेघ. भगवानरावांनी स्टँड उलटसुलट करून पाहिला.

"हे माझं न्हाई."

सूर्यभान यांनी स्टँड आपल्याकडे ओढून घेतला. मग त्यांनी सारे सांगितले. अशी मोटार आपल्या हाती आहे, हे गावाकडच्या आईला दिसावे म्हणून ते चालवता चालवता स्वतःचे चित्रण करीत होते. स्टँड काचेवरून निसटला. तो सावरायला त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, आणि समोर निंब आला. रस्त्यावर कोणीच नव्हते. मंगळवारी मोटार उचलून नेण्यासाठी आले असताना चहाच्या हॉटेलात त्यांनी लोकांना बोलताना ऐकले की, बसप्पांचा बैल नारंगी मोटारीला बुजला. कोणता दिवस ते कोणी म्हणाले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.

"नोकरी जाईल म्हणून घाबरलो," ते बसप्पांना म्हणाले. "बैलाला कोण शिक्षा करणार आहे, असं वाटलं."

"शिक्षा झालीच व्हती त्याला," बसप्पा म्हणाले. "उद्या बाजारात गेला असता."

राजेश्रीताईंनी तो कागद फाडला आणि कोरा कागद सूर्यभान यांच्यापुढे ठेवला. यावर आता तुमच्या हाताने खरे लिहा, असे त्या कठोरपणे म्हणाल्या. नंतर त्यांनी तिघा मुलांना जवळ बोलावले आणि सांगितले की, आमच्याकडे संगणक होता, तज्ज्ञ होते, पण वार कोणता हे विचारायचे तुम्हांलाच सुचले.

भगवानराव गोठ्यात गेले आणि हरण्यापुढे हात जोडून उभे राहिले. हरण्याने त्यांना हुंगले आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर तो जोरात शिंकला. प्रीतमला हसू आवरेना. रानातून आलेल्या छबूबाईंनी डोळे वटारले, पण पदराआड त्याही हसत होत्या.

पाहुणे गेल्यावर बसप्पांनी ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला. 

"मी माझ्या आठवणीवर इत्बार ठिवला आन् त्या मुक्या जिवाला इचारलंसुदिक न्हाई. तू इचारलंस, पोरी." मग ते महेश्वरीकडे वळले. "आन् तू उद्यापासून मला रोज सकाळी तारीख सांगत जा."

महेश्वरीने गंभीरपणे मान हलवली. हरण्याच्या पायाशी बसून तिने वहीचे नवे पान उघडले आणि जीभ बाहेर काढून लिहू लागली.

'आज बुधवार, एकोणतीस ऑक्टोबर. उद्या बाजार आहे. हरण्या जाणार नाही.'