पहिला बंध

चंद्रपूरच्या बहुतेक स्वयंपाकघरांत आता शेगडीच्या वर, आढ्याला नारळाएवढी एक कुपी टांगलेली असते. भडका उडाला की तिचं मेणाचं बूच वितळतं, आतलं लोहसंयुग वाफ होऊन ज्वाळेत शिरतं आणि आग जागच्या जागी विझते. कुपीचं नाव अग्निवारी. तिला प्रमाणपत्र दिलं होतं डॉ. नलिनी उमाठे यांनी, आणि धाकट्या बहिणीच्या, सिंधूच्या घरी ती टांगलीही त्यांनीच होती, स्टुलावर चढून, मोठ्या हौसेने.

आज सिंधूचा नवरा तीच कुपी पिशवीत घालून नागपूरच्या प्रयोगशाळेत आला होता. सिंधूची तेरवी परवाच झाली होती.

"ताई, आग लागलीच नव्हती," गुणवंतराव म्हणाले. "शेगडी थंडगार होती. उन्हापायी खिडक्या लावून ती तिथंच फरशीवर लवंडली. मंग हे फुटलं कशानं जी?"

नलिनीताईंनी बूच पाहिलं. ते वितळलं नव्हतं, आतून ढकललं गेलं होतं.

"वर टिनाचं छप्पर, त्यात मे महिना," त्या हळूच म्हणाल्या. "टिनाखाली पंचावन्न अंश सहज होतं."

पुढचं सांगणं भाग होतं. त्या संयुगात लोहाचा एक अणू कार्बन मोनॉक्साइडचे पाच रेणू धरून ठेवतो. हा वायू विषारी, पण आगीत तो जळून जातो. आगच नसेल तर मात्र खोलीत साचतो. त्यामुळे हे पाच बंध किती घट्ट, यावर सगळं अवलंबून. ताईंनी तापलेल्या काचनळीतून ती वाफ सोडून ती किती वेगाने तुटते ते आठ महिने मोजलं होतं. चार बंध दणकट निघाले. सर्वांत आधी तुटणारा, पहिला, कच्चा होता; टिनाखालच्या नुसत्या उष्णतेनेही तो तुटला असणार, आणि सुटलेल्या वायूनेच बूच बाहेर ढकललं असणार.

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं?"

"होतं. पण प्रमाणपत्राच्या अर्जात रकाना एकच होता, 'बंधाची ताकद'. मी पाचांची सरासरी लिहिली. सगळेच तसं लिहितात."

सगळेच लिहितात! घरातले चौघे धडधाकट आहेत म्हणून अंथरुणाला खिळलेला पाचवा उठून बसत नाही, हे कळायला का पदवी लागते? ताईंना स्वतःची शिसारी आली.

टेबलावर नवा अर्ज पडला होता. यंदा कुप्या अंगणवाड्यांत लागणार होत्या. तेवढ्यात कुपी बनवणाऱ्या कंपनीच्या संचालकांचा फोन आला.

"मॅडम, आकडा मागचाच ना? नुसती सही हवीय."

"मागचा नाही," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

त्यांनी त्या एका रकान्यात दाटीवाटीने पाच आकडे लिहिले. पाचवा चौकटीबाहेर गेला. मग खाली सही केली.

गुणवंतरावांनी कागद जवळ ओढला. बराच वेळ ते आकड्यांवरून बोट फिरवत राहिले.

"ताई," त्यांनी विचारलं, "यातला माह्या सिंधूचा कोणता?"