खडीसाखर या नावाने

आठवी 'ब'चा तास सुरू होता आणि खिडकीजवळची एक मुलगी बराच वेळ हात वर करून बसली होती.

"मॅडम, खोटं नाव घेऊन लिहिलं तरी कळतं?"

"कळतं," संज्योत म्हणाली. "बोटांचे ठसे असतात ना, तसा लिहिण्याचाही ठसा असतो. तुम्ही स्वल्पविराम कुठे देता, वाक्य कुठे तोडता, कोणता शब्द पुन्हा पुन्हा वापरता, कोणती चूक नेमाने करता. नाव बदलता येतं, या सवयी बदलता येत नाहीत. शाळेतल्या निबंधापासून किराणा दुकानात पाठवलेल्या यादीपर्यंत यंत्र सगळं ताडून बघतं आणि सांगतं, हे याने लिहिलं. त्याला शब्दठसा म्हणतात."

"मग पोलीस पकडतात?"

"नाही. मग वाचन होतं."

वाचन म्हणजे काय हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कायदा येऊन चार वर्षं झाली होती. ज्याला कुणाच्या निनावी लिहिण्याने इजा झाली, त्याने जिल्ह्याच्या ठसाकेंद्रात अर्ज करायचा. लिहिणाऱ्याला शोधून बोलावलं जायचं. दंड नाही, कैद नाही. एका खोलीत, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या समोर बसून आपलंच वाक्य मोठ्याने वाचायचं. लिहिणाऱ्याचं नाव मग पाच वर्षं खुल्या नोंदवहीत राहायचं. पहिल्या वर्षी लोक या शिक्षेला हसले. चार शब्द वाचायला काय लागतं? पुढे त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे दिसले आणि हसणं थांबलं.

अमरावतीच्या या शाळेत संज्योत सोनटक्के जालसभ्यता शिकवायची, म्हणजे पडद्याआडच्या माणसाशी कसं वागावं ते. आठवीच्या पाठ्यपुस्तकातला 'समोर माणूस आहे' हा धडा तिनेच लिहिला होता.

तास संपला. शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता तिने फोन पाहिला, तर वाशिमच्या ठसाकेंद्राची नोटीस आलेली. सरकारी कामाचं काहीतरी असेल, धड्याबद्दल व्याख्यान वगैरे, असं समजून तिने ती उघडली.

अर्जदार: प्रणाली खिराडे. बावीस वर्षांपूर्वीची तारीख. लिहिणाऱ्याने घेतलेलं नाव: खडीसाखर. आणि खाली मजकूर:

'तुझ्यासारख्यांमुळे आम्हाला लोक हसतात. आधी पाणी म्हणायला शिक, मग गणित शिकव. नाहीतर तोंड बंद ठेव.'

शेवटी लिहिलं होतं, ठशाची जुळणी शंभरात शहाण्णव.

चहावर साय धरली. आठवत नाही, असं तिला स्वतःशी म्हणायचं होतं. पण सगळं लख्ख आठवत होतं. पुण्याच्या वसतिगृहाची खाणावळ, दुपारची वेळ. ती वीस वर्षांची, अमरावतीहून नवी आलेली. वऱ्हाडी सवयीने 'मी येतो', 'मी जातो' म्हणाली की सगळ्या मुली हसायच्या. कुणी तांब्याकडे बोट दाखवून 'त्यात काय आहे?' असं विचारायचं, मुद्दाम, ती 'पाणी' कसं म्हणते ते ऐकायला. त्या दुपारी एकीने फोन सगळ्यांपुढे धरला. वाशिमकडच्या कुठल्याशा खेड्यातली सतरा वर्षांची एक पोरगी अपूर्णांकांची बेरीज शिकवत होती. समोर दोन घागरी. "अर्धी घागर पानी अन् पाव घागर पानी, मिळून किती झालं? पाहा, मी तुमाले ओतून दाखोतो." शिकवत छान होती. मुली हसून हसून वाकल्या. "संज्योत, तुझी बहीण का गं?" एकीने विचारलं. संज्योतने सगळ्यांदेखत फोन काढला आणि ते वाक्य लिहिलं. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून खाणावळीत तिला कुणी हसलं नाही.

त्या चित्रफितीखाली असे चारशेच्या वर शेरे होते. तिचा त्यातला एक.

नोटिशीच्या तळाशी दोन चौकटी होत्या. 'मान्य' आणि 'हरकत'. जुळणी शंभर टक्के नसेल तर हरकत घेता यायची. मग केंद्र आपोआप पुढच्या जवळच्या ठशाकडे वळायचं. हा नियम संज्योतला माहीत होता. तो पुढचा ठसा कुणाचा असेल याचा विचार तिने केला नाही. किंवा केला आणि पुरता होऊ दिला नाही. डोळ्यांपुढे आठवी 'ब' होती, पुस्तकावरचं स्वतःचं नाव होतं. तिने हरकतीवर बोट ठेवलं आणि थंड चहा एका घोटात संपवला.

नवव्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, मला वाशिमहून नोटीस आलीय."

वैजयंती तिच्याहून दोन वर्षांनी लहान. लहानपणी वैजूला अक्षरं गिरवायला संज्योतने शिकवलं, तिचे निबंध लिहून दिले, पत्रं तपासली. वैजूचं वाक्य संज्योतच्या वाक्यासारखंच तुटायचं. जुळणी शंभरात एक्क्याण्णव आली होती.

"मी कधी असं लिहिलं नाही गं," वैजू म्हणाली. "आणि हे नाव बघ ना, खडीसाखर. हे तर..."

ती थांबली. वसतिगृहातल्या मुलींनी संज्योतला ठेवलेलं नाव होतं ते. तिच्या जुन्या पत्रांखाली सहीच्या जागी असायचं. वैजूच्या पाळणाघरातलं एक मूल मागे रडत होतं.

"तू हरकत घे," संज्योत शेवटी म्हणाली.

"मी केंद्रात विचारलं. दुसरी हरकत आली की अर्ज निकाली काढतात. लिहिणारा सापडला नाही म्हणून." मागचं मूल रडायचं थांबलं. "त्या बाईंनी चारशे अर्ज केलेत, ताई. कितीजण मेले, कितीजण परदेशात. सदतीस सापडले. त्या प्रत्येक वाचनाला एकट्या येऊन बसतात. बोलत नाहीत म्हणे. बावीस वर्षांत घराबाहेर कुणाशी बोलल्या नाहीत. इंजिनिअरिंगला नंबर लागला होता, तोंडी परीक्षेत तोंड उघडलं नाही म्हणून परत आल्या. बियाण्यांच्या कारखान्यात पाकिटं भरतात."

"वैजू..."

"एखादं वाक्य राहिलं तर त्यांना काय वाटेल? कुणीतरी वाचायलाच हवं ना."

तेव्हा संज्योतने सांगायला हवं होतं. तिने विचारलं, "वाशिमला कशी जाशील? मी गाडी काढते."

ठसाकेंद्राच्या खोलीत एक लांबट टेबल होतं. एका बाजूला वैजू, दुसऱ्या बाजूला प्रणाली खिराडे, मध्ये केंद्राचे मध्यस्थ गजभारे. सोबतच्या माणसाला दाराशी खुर्ची मिळायची, तिथे संज्योत बसली. प्रणाली चाळिशीला टेकलेली, हडकुळी बाई होती. बोटांना बियाण्यांवरच्या औषधाचा गुलाबी रंग चिकटलेला. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती वैजूच्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. दवाखान्यात आपला नंबर पुकारला जाण्याची वाट बघणारी माणसं बघतात तशी ती बघत होती.

"वाचा," गजभारे हळूच म्हणाले.

वैजूने कागद उचलला. "तुझ्यासारख्यांमुळे आम्हाला लोक हसतात." तिने कागद डोळ्यांजवळ धरला. "आधी पाणी म्हणायला शिक, मग..." पुढे तिला वाचवेना. ती रडायला लागली, मुलासारखी, नाक ओढत. कागद खाली ठेवून तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा उचलला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "नाहीतर तोंड बंद ठेव."

प्रणाली उठली. टेबलाला वळसा घालून तिने वैजूच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि ती निघून गेली. दाराशी ती संज्योतच्या इतक्या जवळून गेली की साडीचा काठ गुडघ्याला घासला. संज्योतने मान वर केली नाही.

"आतापर्यंतच्या वाचनांत रडलेल्या तुम्ही पहिल्याच," गजभारे वैजूला म्हणाले.

परतीच्या वाटेवर कारंजा गावाचा फाटा आला. मग वैजू म्हणाली, "ताई, मी कुणाला सांगणार नाही. पण तू आत यायला हवी होतीस." तेवढंच.

आठवड्याभरात खुल्या नोंदवहीत नाव चढलं. वैजयंती सोनटक्के, पाळणाघर चालक. पालकांनी भांडण केलं नाही, सगळे गोड बोलले. कुणी गावाला चाललं होतं, कुणाची सासू येणार होती. अकरा मुलांची चार राहिली. त्यातल्या एकाची आई दारात म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात हो, पण आमच्या घरी सगळे ती नोंदवही वाचतात." वैजूने हे संज्योतला सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं. शाळेत संज्योत रोज धडा शिकवत होती. एकदा मुलांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी कुणी बोलावलं का?" ती म्हणाली, "नाही." त्या उत्तरानंतर तिला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

तीन महिन्यांनी ती एकटीच वाशिमला गेली.

गजभाऱ्यांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. टेबलावरच्या यंत्रात त्यांनी जुनी नोंद उघडली, शहाण्णव हा आकडा बघितला आणि चष्मा काढला.

"मला त्या दिवशीच शंका आली होती," ते म्हणाले. "शंकेवर आमचं काम चालत नाही. तुम्ही लेखी दिलंत की बहिणीचं नाव आज निघेल."

"द्या कागद."

"थांबा. दुसरी बाजूही ऐका." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुमच्या बहिणीच्या वाचनानंतर प्रणालीताईंनी उरलेले सगळे अर्ज मागे घेतले. म्हणाल्या, आता पुरे. अहो, म्हणाल्या! फोनवर, स्वतःच्या तोंडाने. मी चार वर्षं त्यांच्याशी चिठ्ठ्यांवर बोलत होतो. कारखान्यातल्या बायकांच्या पोरांना संध्याकाळी गणित शिकवायला लागल्यात. आता तुम्ही सही केली की मला त्यांना कळवावं लागेल, त्या दिवशी वाचलं ते लिहिणाऱ्याने नव्हतं. फेरवाचन हवं का, तेही विचारावं लागेल. लपवता येत नाही."

संज्योत कागदाकडे बघत राहिली. एकीकडे वैजूची चार मुलं, दुसरीकडे कारखान्याजवळची ती संध्याकाळची शाळा. आणि यातलं कुणाचंच नाव न घेणारी तिसरी एक इच्छा, फक्त मोकळं होण्याची. ती तिला ओळखू आली.

"मॅडम, राग मानू नका," गजभारे म्हणाले. "पण हे तुम्ही कुणासाठी करताय?"

"वैजूसाठी," ती म्हणाली आणि तिने सही केली. उत्तर अर्धं खरं होतं.

त्याच दिवशी वैजूचं नाव निघालं, संज्योतचं चढलं. मुख्याध्यापकांनी तिच्याकडून आठवीचे तास काढून घेतले. पुस्तकातल्या धड्याचं पुढे बघू, असं वरून पत्र आलं. हे सगळं तिने गृहीतच धरलं होतं. घडलं तेव्हा तर थोडं हलकंही वाटलं. वैजू भेटायला आली, दोघींनी पिठलं-भात खाल्ला. जाताना वैजू म्हणाली, "एक मूल परत आलं," आणि हसली. फेरवाचनाला बोलावणं येईल, त्याची संज्योत वाट बघत होती. आरशासमोर बसून तिने ते वाक्य पुष्कळदा वाचूनही पाहिलं. एकदाही रडू आलं नाही.

पंधराव्या दिवशी गजभाऱ्यांचा निरोप आला. प्रणालीताई फेरवाचनाला येणार नाहीत. संध्याकाळची शाळा आठवड्यापासून बंद आहे. तुमच्यासाठी त्यांनी आवाज पाठवला आहे, उत्तर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

संज्योत खुर्चीत बसली आणि तिने फोन कानाला लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग थांबत थांबत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा आवाज.

"मले पुन्हा नाही आयकाचं. तुमी कोन हायत, कायले लिवलं, मले काईच नाही पायजे. फक्त येक सांगा. त्या बाई माह्यासमोर रडल्या. तीन मैने मी तेच धरून होतो, का लिवनाऱ्यातलं येक तरी मानूस रडलं. आता तुमी म्हनता, त्यायनं लिवलंच नव्हतं. मंग त्या कोनासाठी रडल्या?"