क्रूसाच्या बागेतला हात

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तुमची मर्जी. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती ओर्नेल्ला माझ्या घराखालच्या वळणावर राहते. दर हिवाळ्यात तिच्या वायनरीत मी बाटल्यांना लेबलं चिकटवते. ती खोटं बोलणारी बाई नाही. खोटं बोलता आलं असतं, तर तिची वाईन आणखी खपली असती.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

सकाळ होती. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर संपत आला होता. धुकं असं बसलं होतं की चर्चची घंटा ऐकू यायची, पण चर्च दिसायचं नाही. आमच्या टेकड्यांवर त्या दिवसांत असंच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

निदान तोवर तरी नव्हतं…

ओर्नेल्ला पन्नाशीची. नवरा गेल्यापासून वायनरी एकटीच ओढते. तिची स्वतःची बाग अंगणाएवढी, त्यामुळे सगळी भिस्त आसपासच्या बागायतदारांवर. द्राक्षं त्यांची, वाईन मुरवायचं तळघर तिचं.

या व्यवहाराला आमच्याकडे कागद लागत नाही. तोडणीच्या आधी वायनरीवाल्याने बागेत जायचं, घड चाखायचा आणि ओळीत उभं राहून बागायतदाराच्या हातात हात द्यायचा. संपलं. मग गारपीट होवो की भाव कोसळो, दिलेला हात कोणी मागे घेत नाही. माझ्या आजोबांच्या काळात एकाने घेतला होता. त्याच्या नातवंडांनासुद्धा गाव अजून 'कोरड्या हाताचे' म्हणतं.

ओर्नेल्लाची सगळ्यात चांगली वाईन क्रूसाच्या बागेतली. टेकडीच्या माथ्यावर एक जुना लाकडी क्रूस आहे, त्याच्या खालची ही बाग. मालक सेकोन्दो. म्हातारा कानाने अधू, पण जिभेने तिखट. हात देताना अंगठ्याने समोरच्याचा तळहात दोनदा दाबायचा. ट्रॅक्टरवर द्राक्षांची ट्रॉली घेऊन आला की आमच्या वळणावर हॉर्नही दोनदाच. मग ओर्नेल्ला धावत जाऊन फाटक उघडायची.

तिला तो 'सूनबाई' म्हणायचा. सासू-सासरे जाऊन जमाना झाला, तिच्या केसांत पांढरं आलं, तरी याची आपली सूनबाईच. गावात दुसरं कोणी तिला तसं म्हणत नव्हतं.

"सूनबाई, कागद उंदीर खातात. हाताला कोण खाणार?"

"म्हातारपण," ती म्हणायची.

"ते मला ऐकू येत नाही!" असं म्हणून म्हातारा खो खो हसायचा.

त्या फेब्रुवारीत छाटणी करता करता सेकोन्दो ओळीतच कोसळला. कात्री हातातच होती. त्याचा मुलगा दानिलो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढे तोडणी जवळ आली, आणि दानिलोचा फोन आला.

"ताई, खालच्या खोऱ्यातली मोठी कंपनी बाग मागते आहे. शनिवारी सही करतोय."

"आणि मी रे?"

"तुमचं जे होतं ते बाबांशी होतं."

गिऱ्हाईक ओर्नेल्लाच्या दारात येतं ते त्या एका वाईनसाठी. ती गेली की तळघराला कुलूप.

"सहीआधी एकदा बागेत ये. घड चाखते, समोरासमोर बोलू. मग तुझी मर्जी."

"बघतो."

"बघतो नको. ये!"

"बरं बाई, येतो. शनिवारी सकाळी."

मुलीला, मार्ताला, तिने यातलं काही सांगितलं नाही. मार्ता तुरीन शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. तिला तळघराचा वाससुद्धा नको. बाप गेला तेव्हाच ओर्नेल्लाने तिला सांगितलं होतं, "तुझं आयुष्य तुझं. या तळघराशी मी तुला बांधणार नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. हे लक्षात ठेवा.

शनिवारी ओर्नेल्ला टेकडी चढली. धुक्यात वेलींच्या एका खांबाजवळ गेल्याशिवाय पुढचा खांब दिसत नव्हता.

बागेच्या तोंडाशी आलं की दानिलोचा कुत्रा गाव डोक्यावर घेतो. त्या दिवशी तो भुंकला नाही.

पाखरू नाही. पानांवरून टपटपणारं पाणी, तेवढंच.

मग शेजारच्या ओळीतून आवाज आला…

कच्… कच्…

कात्रीचा.

तिला वाटलं, दानिलो चाखायला घड कापतोय.

"दानिलो?"

कात्री थांबली.

"घड चाखलात?" आवाज घोगरा होता. धुक्यात सर्दी झाली असेल, असं तिच्या मनात आलं.

तिने एक मणी तोंडात टाकला. साल जाड, आत मधासारखा गोडवा. तिचे डोळेच भरून आले. इतकी चांगली द्राक्षं कंपनीच्या टाकीत जाणार?

"फार छान आहे," ती म्हणाली.

"मग घेणार?"

"घेणार म्हणून तर आले. सगळी घेणार, दरवर्षी."

"कुठवर?"

"मी आहे तोवर."

पानांवरचं टपटपणंही थांबलं होतं…

"आणि नंतर?"

ओर्नेल्ला मला म्हणाली, "त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती बाग होती गं. हातची जाईल, या भीतीने मी काय बोलतेय ते मलाच कळलं नाही."

ती म्हणाली होती, "नंतर मार्ता आहे की. माझा हात तोच तिचा हात."

वेलींमधून एक हात पुढे आला.

मनगटापर्यंत जुना कोट. चेहरा पानांआड, धुक्याआड.

तिने हात दिला.

तो हात गार होता. द्राक्षाच्या रसाने चिकट.

आणि अंगठ्याने तिचा तळहात दाबला…

एकदा.

दोनदा.

"ठरलं, सूनबाई."

क्षणभर तिला हायसं वाटलं. बाग राहिली! आणि मग तो शब्द तिच्या डोक्यात शिरला. तिने दोन्ही हातांनी वेली बाजूला केल्या.

पलीकडे कोणी नव्हतं. ओली माती होती, पण तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

खिशातला फोन वाजला.

"ताई, माफ करा," दानिलो बोलत होता. "बागेकडे यायला जमलं नाही. मी थेट कंपनीतच आलोय. ताई? ऐकताय ना?"

टेकडी कशी उतरली ते तिला आठवत नाही. ती माझ्याकडेच आली. मी तिला खुर्चीत बसवलं, पेल्यात थोडी ग्राप्पा, आमची द्राक्षाची कडक दारू, ओतून दिली. तेवढ्यात खालच्या वळणावर हॉर्न वाजला.

दोनदा.

हा मी स्वतः ऐकला. सवयीने आम्ही दोघीही खाली तिच्या फाटकाकडे धावलो. तिने फाटक उघडलं.

आत फक्त धुकं आलं…

थोड्या वेळाने त्याच फाटकातून दानिलोची गाडी आली. तो उतरला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. उजवं मनगट डाव्या हाताने धरलेलं.

"सही केलीस?" मी विचारलं.

"नाही. कागदाआधी साहेबाने हात पुढे केला. मीही करायला गेलो… आणि कोणीतरी माझं मनगट धरलं. काही केल्या हात पुढे जाईना. सगळे बघत राहिले. तसाच उठून आलो."

त्याने मनगट दाखवलं. त्यावर जांभळे डाग होते. बोटांचे.

"तीनदा धुतलं. तरी चिकटच लागतंय. ताई, द्राक्षं तुम्हीच घ्या. मला काही विचारू नका."

"आत्ता बाबांचा ट्रॅक्टर घेऊन कोण आलं होतं?" मी विचारलं.

"बाबांचा? तो मी एप्रिलमध्येच भंगारात दिला." मग त्याने आमच्याकडे बघितलं. "का? तुम्ही काय ऐकलंत?"

ओर्नेल्लाने फाटक ओढून घेतलं.

त्या वर्षीची वाईन इतकी सुरेख झाली आहे की विचारू नका. ओर्नेल्ला मात्र तिला तोंड लावत नाही. हिवाळाभर ती धुक्यात क्रूसाच्या बागेत जायची. एकदा मी सोबत होते. ओळीत उभी राहून ती रडत रडत म्हणत होती, "माझा हात माझ्यापुरता धर रे. पोरीचा सोड."



कुठेतरी वरच्या ओळीत… कच्… कच्…

हे सगळं मी लिहिणार नव्हते. पण परवा मार्ताचा फोन आला. मी लेबलांच्या टेबलाशीच होते, ओर्नेल्लाने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"आई, गंमत ऐक. आमच्या गल्लीत रोज सकाळी कोणीतरी हॉर्न वाजवतं. दोनदा. खिडकीतून बघावं तर धुकं!"

ओर्नेल्लाच्या हातातली बाटली टेबलावर आडवी झाली.

"खाली जाऊ नकोस हं, मार्ता."

"मी कशाला जातेय? आणि आज दुकानात एक म्हातारा आला होता. त्याच्याशी मी ओरडून ओरडून बोलत होते, इतकं त्याला कमी ऐकू येत होतं. काही घेतलं नाही त्याने. जाताना हात पुढे केला फक्त."

"तू… दिलास?"

"अगं, कोणी हात पुढे केल्यावर द्यायला नको का? आणि ऐक ना, मी नोकरी सोडतेय. का ते मलाच कळत नाही, पण घरी यावंसं वाटतंय. तळघरात काम करीन म्हणते. शनिवारी येते."

फोन ठेवल्यावर ओर्नेल्ला मोरीशी गेली. बराच वेळ हात धूत राहिली.

आज शनिवार आहे. सकाळपासून धुकं आहे. माझी खिडकी त्या वळणावरच उघडते, आणि मी ती घट्ट लावून बसले आहे.

मार्ता बसने येणार आहे. बसला हॉर्न असतोच, हे मलाही कळतं…

पण आत्ता तो दोनदा वाजला, आणि बस यायला अजून वेळ आहे.