तिरकोजीचे निघून गेलेले खेळाडू

आधी एक कोडं सांगतो. एका खेळाबद्दल दरवर्षी मुलांना विचारलं जायचं, "आवडला का?" पहिल्या वर्षी दहातली सहा मुलं हो म्हणाली. पुढं सात, मग आठ. शेवटी तर दहाच्या दहा. आणि नेमक्या याच वर्षांत तो खेळ खेळणारी मुलं कमी होत गेली, इतकी की खेळ बंद करायची वेळ आली. ज्या खेळावर सगळे खूश, तो ओस कसा पडला?

लगेच उत्तर देऊ नका. रत्नागिरीतल्या एका कंपनीच्या हुशार माणसांनी लगेच उत्तर दिलं होतं, आणि त्यापायी एका खेकड्याचा जीव जाणार होता.

खेकड्याचं नाव तिरकोजी. साल दोन हजार एकसष्ट. त्या काळी व्हिडिओ गेममधली पात्रं पडद्यावर अडकून राहत नसत. टेबलावर एक छोटा दिवा ठेवला की पात्र प्रकाशपुतळा (हवेत प्रकाशानं उभी राहणारी, सगळ्या बाजूंनी दिसणारी आकृती) होऊन समोर यायचं. तिरकोजीला तर कृत्रिम बुद्धीही (अनुभवातून शिकणारी आणि स्वतःचं स्वतः बोलू शकणारी यंत्रणा) दिलेली होती. 'शिंपला खेळघर' या कंपनीचा तो मानाचा गडी. एके काळी शाळेच्या दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, वाढदिवसाच्या केकवर सगळीकडे तोच असायचा.

दिवाळीच्या सुट्टीत ऊर्मी मयेकर आजोबांकडे आली, तेव्हा तिला तो दिसला तो जेवणाच्या टेबलावर, उकडलेल्या शेंगांच्या ताटलीशेजारी. नांग्या आपटत होता. प्रकाशाच्या नांग्या, त्यामुळे आवाज होत नव्हता, आणि याचाही त्याला राग येत होता.

"मला निरोप देणार आहेत," तो म्हणाला. "समारंभ करून. शाल आणि नारळ देऊन. डॉक्टर, तुम्हीच सांगा, खेकड्याला शाल कुठल्या खांद्यावर घालतात?"

डॉक्टर म्हणजे ऊर्मीचे आजोबा, डॉ. रघुवीर मयेकर. सगळा जन्म त्यांनी समुद्रातले मासे आणि खेकडे यांची मोजदाद करण्यात घालवला होता. तिरकोजी घडवताना कंपनीनं त्यांनाच विचारलं होतं की खेकडा चालतो कसा. आजोबांनी समजावलं होतं, की बहुतेक खेकड्यांच्या पायांचे सांधे बाजूच्या बाजूला वाकतात, म्हणून ते तिरके चालतात. त्यावरच सगळा खेळ उभा राहिला. तिरकोजीला सरळ पुढं जाता यायचं नाही. समोरचा खडक गाठायचा तर आधी वळवा, मग तिरका पळवा, पुन्हा वळवा. मुलं घोळ घालायची, तिरकोजी पाण्यात घसरायचा आणि घसरताना खेळणाऱ्याला टोमणे मारायचा.

टेबलावरचा तिरकोजी मात्र सैनिकासारखा सरळ चालत होता. अंगावर चांदीचं चिलखत, पाठीवर तोफ. ऊर्मीला हसू आवरेना.

"हस," तो म्हणाला. "मीही हसतो आरशात बघून. मग मला रडू येतं. तेवढं रडण्याचं यंत्र त्यांनी बसवलेलं नाही."

मग त्यानं सगळी हकीकत सांगितली. कंपनीच्या संचालक मनवा ठोसर यांनी आकडे काढले होते. खेळणारे सगळे खूश आहेत, पण आहेतच मोजके. म्हणजे खेळात खोट नाही. हल्लीच्या मुलांनाच खेकडे आवडत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. आठवड्याभरात समारंभ, आणि त्याच रात्री तिरकोजीची सगळी स्मृती कायमची पुसणार.

ऊर्मीचा चेहरा लाल झाला. मुलांना काय आवडतं हे मुलांना न विचारता कुणी ठरवलं, असं ती तावातावानं म्हणाली. त्यावर तिरकोजी म्हणाला की तीच तर गंमत आहे, त्यांनी मुलांनाच विचारलंय.

दुसऱ्या दिवशी ऊर्मी स्वतः चौकशीला निघाली. ती थेट खेळघराच्या दालनात गेली आणि तिथं तिरकोजी खेळत बसलेल्या प्रत्येकाला तिनं गाठलं. खेळ कसा वाटतो? एकदम भारी, सगळे म्हणाले. तोफ हवी का? आणखी मोठी हवी. पूर्वीचं तिरकं चालणं परत आणावं का? एका मुलानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू तिनं त्याला पाळण्यात झोपायला सांगितलं होतं.

ती घरी आली आणि शेंगा सोलू लागली. सोलता सोलता म्हणाली, "आजोबा, ठोसर मॅडम बरोबर आहेत. सगळे खूशच आहेत."

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी ताटलीतल्या दहा शेंगा तिच्यासमोर मांडल्या आणि दाबून बघायला सांगितल्या. सहा भरलेल्या निघाल्या, चार फोल. फोल शेंगा आजोबांनी खिडकीबाहेर टाकल्या.

"आता ताटलीतल्या किती शेंगा भरलेल्या आहेत?"

"सगळ्या."

"मघाशी दहात सहा होत्या, आता सगळ्या. म्हणजे शेंगा सुधारल्या?"

ऊर्मीनं ताटलीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. सुधारल्या नव्हत्या. एकही दाणा वाढला नव्हता. नुसत्या फोल शेंगा बाहेर गेल्या होत्या. ती हळूच म्हणाली की खेळाचंही तसंच झालं असेल. ज्यांना आवडला नाही ते निघून गेले. उरले ते खूशच असणार. कुणी जास्त खूश झालंच नाही, नाखूश तेवढे दिसेनासे झाले.

"आणि तू आज कुठं जाऊन विचारलंस?"

ऊर्मीनं जीभ चावली. खेळाच्या दालनात. जिथं खेळ सोडून गेलेला एकही मुलगा भेटणं शक्य नव्हतं.

मुलांनो, इथं क्षणभर थांबा, कारण ही चूक फार चांगली चांगली माणसं करतात. सगळ्यांना विचारणं जमत नाही, म्हणून आपण थोड्यांना विचारतो. त्या थोड्यांना म्हणतात नमुना (सगळ्यांच्या वतीनं निवडलेले काही). भाताचं एक शीत दाबून सगळा भात शिजला का ते कळतं, कारण ते शीत बाकीच्या शितांसारखंच असतं. पण नमुना निवडतानाच एका बाजूला झुकला, तर तो नमुना-पक्षपात (ठरावीक प्रकारचेच लोक निवडले जाण्याची चूक). आजोबांनी ऊर्मीला त्यांच्या कामातलं उदाहरण दिलं. मोठ्या भोकांचं जाळं टाकलं की फक्त मोठे मासे मिळतात. ते पाहून कुणी म्हणालं की या समुद्रात लहान मासेच नाहीत, तर तो समुद्राबद्दल बोलत नाही, स्वतःच्या जाळ्याबद्दल बोलतो आहे.

मग आजोबांनी तिरकोजीला विचारलं की कंपनी मुलांना हा प्रश्न नेमका कधी विचारते.

"शेवटचा टप्पा जिंकल्यावर," तिरकोजी म्हणाला. "माझ्या गळ्यात हार पडतो, फटाके वाजतात, आणि मग विचारतात, कसं वाटलं?"

आजोबांनी हातातली शेंग खाली ठेवली. ऊर्मीनं त्यांना असं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण शब्द तुटक झाले. "म्हणजे जो हरला त्याला विचारायचं नाही. जो कंटाळला त्याला नाही. जो पहिल्याच खडकावर रडला त्याला नाही. पंगतीत जो शेवटचा लाडू खाऊन उठला, त्यालाच विचारायचं जेवण कसं झालं. आणि उपाशी उठले त्यांना म्हणायचं, हल्ली लोकांना भूकच लागत नाही."

पुढचं आता ऊर्मीलाच दिसू लागलं. शेवटपर्यंत पोचणारे सगळ्यात पटाईत. ते म्हणणार, आणखी वेग द्या. वेग दिला की नवखे गळणार. मग आणखी पटाईत तेवढे उरणार, ते म्हणणार तोफ द्या, तिरकं चालणं वेळखाऊ आहे, ते काढा. याला आजोबा प्रतिसाद-चक्र (ज्यात परिणामच पुन्हा कारण होतो आणि गोष्ट एकाच दिशेनं वाढत जाते) म्हणाले. या चक्रात फिरून फिरून एक हसरा खेकडा रणगाडा झाला होता. त्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, आणि शिक्षा मात्र त्यालाच.

पुढचे दिवस ऊर्मी निघून गेलेल्यांना शोधत फिरली. हे काम सोपं नव्हतं. गेलेली माणसं एका जागी रांगेत उभी नसतात. ती कबड्डीच्या मैदानावर गेली, गाण्याच्या वर्गाबाहेर थांबली, जेटीवर गळ टाकून बसलेल्या पोरांत जाऊन बसली. प्रत्येकाला तिनं दोनच गोष्टी विचारल्या: कधी खेळलात का, आणि कुठं सोडलात? काहींनी तिला पिटाळून लावलं. पण उत्तरं मिळत गेली, आणि ती चमत्कारिकपणे सारखी होती. बहुतेकांनी पहिल्या खडकाशीच खेळ सोडला होता.

साबिहा नावाच्या मुलीनं तर मनातलं सगळं बोलून दाखवलं. "पूर्वी तो घसरायचा आणि मलाच ओरडायचा, डोळे घरी ठेवून आलीस का म्हणून. मी पण त्याला ओरडायचे. आता तो घसरत नाही, सरळ मरतो. आणि मरताना काही बोलत पण नाही. मग मी कुणाशी भांडू?"

आजोबा आणि ऊर्मी ठोसर मॅडमना भेटायला गेले, तेव्हा अंगणात समारंभाचा मांडव घातला जात होता. टेबलावर दिवा लावून तिरकोजीलाही बसवलं. मॅडम नम्रपणे म्हणाल्या, "सर, भावना समजतात. पण आमच्याकडे आकडे आहेत."

"आकडे खरे आहेत," आजोबा म्हणाले. "तुम्ही ते बाहेर पडणाऱ्यांच्या दारात उभं राहून मोजायला हवे होते, तुम्ही ते आतल्या देवघरात बसून मोजलेत." आणि त्यांनी शेंगांचं सगळं गणित त्यांना मांडून दाखवलं.

मॅडम लक्ष देऊन ऐकत होत्या. चूक त्यांना कळलीही. पण त्यांची अडचण वेगळी होती. तिरकोजीला पुन्हा तिरकं चालवलं, तर आज जे उरलेत तेही चिडतील. खूश असणाऱ्यांचा आकडा धाडकन खाली येईल. तो खाली आला तर वर बसलेल्यांना त्या काय सांगणार?

ऊर्मीला राहवलं नाही. "खाली येऊ दे ना," ती म्हणाली. "दालनातली सगळी मुलं खूश आहेत, आणि दालन रिकामं आहे. रिकाम्या खुर्च्या पण नाखूशच असतात मॅडम, फक्त त्या हात वर करत नाहीत."

मग तिरकोजी म्हणाला, या वेळी टोमणा न मारता, "मला पुसायचं तर पुसा. पण मी जसा होतो तसा हरू दे. या चिलखतातल्या खेकड्याला मी ओळखत नाही."

मॅडमनी खिडकीतून मांडवाकडे पाहिलं आणि समारंभ महिनाभर पुढं ढकलला. शेवटचे टप्पे पटाईत मुलांसाठी तसेच अवघड ठेवायचे ठरलं, कारण त्यांची मागणीही खोटी नव्हती. पण सुरुवातीच्या खडकांवर तिरकोजी पुन्हा तिरका चालणार, घसरणार आणि बोलणार होता. आणि प्रश्न आता शेवटच्या टप्प्यावर विचारायचा नाही, खेळ सोडून कुणी निघालं की त्या क्षणी विचारायचा.

पहिल्याच आठवड्यात खूश मुलांचा आकडा दहावरून सहावर घसरला. मॅडमनी घाबरून आजोबांना बोलावून घेतलं. आजोबा दालनात गेले आणि म्हणाले की आकड्याकडे नंतर बघू, आधी इथं बसायला जागा दाखवा. जागा नव्हती. ऊर्मी उभीच होती. साबिहा कोपऱ्यात कुणाशी तरी कडाकडा भांडत होती, आणि तो कुणीतरी खेकडा होता.

तेवढ्यात एक पाचेक वर्षांचा मुलगा पहिल्या खडकावरून तिरकोजीला तिसऱ्यांदा पाण्यात पाडून उठला आणि चालू लागला. दिवा लुकलुकला.

"का रे चाललास?" तिरकोजीनं विचारलं.

"तुला चालताच येत नाही."

"मला?" तिरकोजीचे डोळे देठांवर ताठ उभे राहिले. इतक्या वर्षांत खेळ सोडून जाताना त्याला तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं, आणि त्याच्या आवाजात राग जास्त होता की आनंद, हे ऊर्मीला सांगता आलं नसतं. "वळवायचं कुणी, मी की तू? ये इकडे. दाखव कसं चालतात ते."

मुलगा परत आला आणि बाही वर सारून बसला. मॅडम ते बघत होत्या. त्यांनी अंगणात जाऊन मांडव सोडायला सांगितला.

सुट्टी संपली. ऊर्मी घरी जायला बसमध्ये बसली. गाडी चालकाशिवाय धावत होती, आणि प्रत्येक आसनासमोर एक चौकोन उजळला: "आमची बससेवा आपल्याला सोयीची वाटते का?" आजूबाजूचे लोक 'हो'चं बटण दाबत होते. बाहेर एक बाई डोक्यावर टोपली घेऊन घाटाच्या चढावर चालत होती. तिच्या वाडीपाशी ही बस थांबत नव्हती.

ऊर्मीनं 'हो' दाबलं नाही आणि 'नाही'ही दाबलं नाही. चौकोनाखाली लिहायला थोडी जागा होती. तिथं तिनं लिहिलं: हा प्रश्न खिडकीबाहेर विचारा. कोण कोण चालतंय, ते मी मोजून देते.