न उमटलेली फुली

"अरे उंटा, तिकडे कुठे? तो परीक्षा विभाग आहे, प्रवेश कार्यालय नाही!" टाचणी ओरडली, पण तोवर तिचा उंच मामेभाऊ आत शिरलाही होता. आतून कुणीतरी खेकसलं आणि तो खाली मान घालून बाहेर आला.

"पाटी कुठे होती?"

"तुझ्या नाकासमोर!" टाचणीच्या धाकट्या भावाचा, भोंग्याचा आवाज व्हरांडाभर घुमला.

"मला नुसता काळपट फळा दिसतो," उंट पुटपुटला.

टाचणीला हसू आलं नाही. सकाळपासून प्रवेशासाठी आलेले चार जण असेच चुकीच्या दारात शिरले होते. कॉलेजच्या साऱ्या पाट्या या सुट्टीत तिच्या मामानेच नव्याने रंगवल्या होत्या. गडद हिरव्यावर गडद मरून अक्षरं; कॉलेजचे अधिकृत रंग तेच. आणि आज प्राचार्यबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "रंगाऱ्याचा हात गेला. चार वाजता दुसऱ्याला काम देण्याच्या पत्रावर सही करते." वीस वर्षं या भिंतींवर हात फिरवलेला मामा जिन्यात बसून धुतलेलाच ब्रश पुन्हा धूत होता.

"मामा, असे रंग निवडलेसच का?"

"मी कुठला निवडतोय गं! हेडक्लार्कनी नमुना दिला. मी म्हटलं, अक्षरं बुडतील. तर म्हणाले, पाट्यांच्या नियमपुस्तिकेत आहे तस्संच करा, अक्कल पाजळू नका."

त्याने खिशातून त्या नमुन्याची घडी घातलेली झेरॉक्स कॉपी काढली. करड्या चौकटीत करडी अक्षरं आणि बाजूला रंगांचे क्रमांक. बस्स!

मुलं ऑफिसात धावली.

"काका, मूळ पुस्तिका दाखवता?"

"कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे. आणि मला वेळ नाही. पळा!"

पुन्हा गेली, तर "साहेब जेवताहेत." तिसऱ्यांदा गेली, तर दारच लोटलेलं! टाचणीने मामाकडची कॉपी पुन्हा उलगडली. एवढी साधी गोष्ट. पण ऐकून घ्यायला या एवढ्या इमारतीत एक कान मोकळा नव्हता.

"ही कॉपी कुणी काढली?" अचानक तिने विचारलं.

व्हरांड्यातल्या झेरॉक्स मशीनपाशी बसलेल्या मावशींनी कागद उलटसुलट केला. "आमच्याच मशीनची. वरची ओळ खातं मेलं! आणि फिकट गुलाबी तर त्याला दिसतच नाही. किती वेळा अर्ज केला!"

टाचणीचे डोळे लकाकले. "भोंग्या, पुस्तिकेची एक प्रत लायब्ररीत असणारच! चल!"

प्रत होती. धूळ झटकून तिने ते पान उघडलं, आणि तिघंही त्यावर वाकली. तोच नमुना, तेच क्रमांक. पण त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिकट गुलाबी फुली, आणि अगदी वर एक ओळ: 'असे कधीही करू नये.'

चारला पाच मिनिटं कमी असताना तिघं प्राचार्यबाईंच्या खोलीत घुसली. हेडक्लार्क पत्र घेऊन उभेच होते.

"पोरखेळ आहे, मॅडम! पाटी चांगली स्वच्छ दिसते."

टाचणीने कॉपी त्यांच्यापुढे धरली. "मग हे वाचा ना, काका."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "कॉपी खराब आहे."

"कॉपी नाही, रंगच असे आहेत. दोन्ही सारखेच गडद. या माझ्या भावाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. त्याला पाटी रोज अशीच दिसते!" तिने पुस्तिका टेबलावर उघडून ठेवली. "मामाने आधीच सांगितलं होतं. कुणी ऐकलंच नाही!"

प्राचार्यबाईंनी पुस्तिका बघितली, पुढचं पान उलटलं. तिथे गडद हिरव्यावर स्वच्छ पांढरी अक्षरं होती. त्यांनी पत्र शांतपणे फाडलं.

"चूक आमची आहे. मीही न पाहताच दोष दिला. मुलांनो, शाबास! रंगारीदादांची मी स्वतः माफी मागते. आणि यापुढे कुठलीही पाटी भिंतीवर चढण्याआधी या उंच गड्याला दाखवायची."

संध्याकाळी मामा शिडीवर चढला. शिडी हेडक्लार्कनी धरली होती. कपाळावर आठ्या होत्या, पण घट्ट धरली होती. टाचणीच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा होता. मामाने तिच्याकडे पाहिलं. आणि रंगाचं एक बोट तिच्या नाकाला लावलं.

"वाच रे!" भोंगा गरजला.

व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला उंट उभा होता.

"प्रवेश कार्यालय!" त्याने तिथून वाचलं, आणि कुणालाही न विचारता सरळ त्याच दाराकडे चालत आला.